स्पीकर कानाला टोचतोय म्हणून अँप बदलायचा का?

भुसावळच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्यांनी नवीन बुकशेल्फ स्पीकर घेतलेत, साडेसहा इंची वूफर (बासचा), ॲल्युमिनियम डोमचा ट्विटर (ट्रेबलचा), मागे ६ ओहम आणि ८८ डीबी (थोड्या ताकदीत किती मोठा वाजतो त्याचा आकडा) लिहिलंय. दुकानात एकदम क्लिअर वाटले, घरी आणले तर अर्ध्या तासात कान थकतात. बाईचा आवाज, सनई, झांजा टोचतात, "स" आणि "श" फुसफुसतात. सध्या जुन्या होम थिएटरच्या एव्ही रिसिव्हरवर चालवतायत, त्याच्या आतच अँप म्हणजे ॲम्प्लिफायर असतो. कोणी म्हणे ट्यूब अँप (जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा) घ्या, कोणी म्हणे अमुक कंपनी वॉर्म म्हणजे मऊ आवाजाची आहे आणि तमुक ब्राइट म्हणजे टोकदार. बजेट चाळीस-पन्नास हजार. तर कोणता अँप घेऊ?

मी जळगावला अँप आणि स्पीकर दुरुस्तीचं काम करतो, घरगुती पण आणि डीजेवाल्यांचं पण. हे दुखणं घेऊन येणारे लोक बारा महिने असतात, पण उन्हाळ्यात जास्त येतात. उन्हाळ्यातच का ते पुढे येईलच. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवतं ते "हाऊ आवाज कान खास भो" (हा आवाज कान खातो भाऊ) असं म्हणतच, आणि लगेच दुसरं वाक्य, कोणता अँप लावू.

भाऊ, पैसे आत्ता खिशातच राहू द्या. तुम्ही विचारताय की वॉर्म अँप कोणता, पण खरा प्रश्न असा आहे की हा जास्तीचा ट्रेबल येतोय कुठून, की ट्रेबल ठीकच आहे आणि खालचा बास गायब झालाय म्हणून ट्रेबल उघडा पडलाय. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हीत आवाज टोचतोच. अँप बदलून बरं होणारं दुखणं यातलं फार थोडं असतं. पण "अँपने काहीच होत नाही" असं पण मी म्हणणार नाही, काही ठिकाणी होतं आणि नेमकं कुठे होतं तेच सांगायचंय. तुमची खोली, तुम्ही किती जोरात ऐकता, किती लांब बसता आणि स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) वर-खाली कसा जातो, यावर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे घर न बघता एक मॉडेल सांगून मोकळं होणारा माणूस असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

आधी ते कंपनीच्या नावाचं. मारांट्झ वॉर्म, यामाहा ब्राइट, हे इतक्या वर्षांपासून ऐकतोय की आता ते लोकांना ऐकायच्या आधीच ऐकू येतं. धड बनवलेला कुठलाही ट्रान्झिस्टर अँप टोन कंट्रोल बंद ठेवून मोजला तर २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत जवळपास सरळ रेघ असते, इकडे तिकडे डीबीचा काही अंश. माझ्याकडे दोन अँप एकाच स्पीकरवर फिरवायचा एक चेंजओव्हर बॉक्स आहे. दोन्ही अँपचे व्होल्ट स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावून सारखे करायचे आणि मग गिऱ्हाइकाला न दाखवता खटका फिरवायचा. मोठमोठ्या पैजा लावणारे लोक गप्प होतात. व्होल्ट सारखे नाही केले तर मात्र जो अँप अर्धा डीबी मोठा वाजतो तो "क्लिअर" वाटतो, आणि दुकानात तुम्हाला जे एकदम क्लिअर वाटलं त्यात हाही भाग असू शकतो. अमेरिकेत १९८५ साली बॉब कार्व्हर या इंजिनिअरने आपला स्वस्तातला ट्रान्झिस्टर अँप आतून जुळवून जुळवून एका महागड्या ट्यूब अँपसारखा वाजवून दाखवला होता, ऑडिओ मासिकाच्या जाणत्या लोकांना दोघांतला फरक सांगता आला नाही. म्हणजे अँपचा स्वभाव हा मोजता येतो, जुळवता येतो, तो डब्यावरच्या नावात नसतो.

आता तुमच्या रिसिव्हरकडे येऊ, कारण मला पहिला संशय त्याच्यावर आहे आणि तोही त्याच्या सेटिंगवर. जुन्या होम थिएटरच्या मेनूमध्ये स्पीकर "स्मॉल" केलेले असतात आणि सबवूफर (फक्त बासचा वेगळा स्पीकर) "येस", कारण आधी त्याला छोटे सॅटेलाइट स्पीकर आणि सब जोडलेला होता. तुम्ही ते काढून नवीन बुकशेल्फ जोडले, पण रिसिव्हरला कुठे माहिती. तो बिचारा अजूनही ८० किंवा १२० हर्ट्झच्या खालचं सगळं सबला पाठवतोय, आणि सब तर तिथे नाहीच. तबल्याचा डग्गा, ढोलकीचा खालचा घुमारा, पुरुषाच्या आवाजातलं खालचं वजन, सगळं गेलं. उरला वरचा भाग, मग तो टोचणारच. मेनूमध्ये जाऊन स्पीकर "लार्ज" करा, सब "नो" करा. मायक्रोफोन ठेवून जे ऑटो कॅलिब्रेशन केलेलं असेल ते पण बंद करा, कारण ते जुन्या स्पीकरसाठी झालेलं आहे.

दुसरं म्हणजे वायरची लाल-काळी बाजू. एका स्पीकरची उलटी लागली की दोन्ही स्पीकर बासला एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात आणि बास विरून जातो, आवाज पोकळ, पातळ, टोकदार होतो, गायिका मधोमध न येता कुठेतरी डोक्याभोवती फिरते. लोक हसतात, म्हणतात एवढं तर आम्हाला कळतं, पण एकाच रंगाच्या दोन तारांची पारदर्शक वायर असली की त्यातली बारीक रेघ कोणी बघत नाही. मोनोमध्ये (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) एखादं भाषण लावा, बोलणारा माणूस दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा आहे असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर एका स्पीकरची वायर उलटी करून बघा. वायर कोणती यावर जास्त डोकं लावू नका, दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत पुरते, चांदीची वायर आवाज गोड करते वगैरे सोडून द्या.

हे दोन्ही करून पण टोचत असेल तर मग खोली. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे अर्ध्याहून जास्त केसेस इथेच सुटतात. आपले हॉल कसे असतात बघा. खाली व्हिट्रिफाइड टाइल नाहीतर पॉलिश केलेली कोटा फरशी, वर सपाट स्लॅब, भिंतीवर पुट्टी आणि ऑइलपेंट, एका बाजूला ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, समोर काचेचं शोकेस, मध्ये काचेचा टीपॉय. एकही वस्तू आवाज पीत नाही. हॉलच्या मध्ये उभं राहून एक कडक टाळी वाजवा, मागून "टिर्रर्र" अशी बारीक झंकार आली तर समजा की ट्विटरमधून निघालेला प्रत्येक "स" पण असाच चार भिंतींवर आपटून तुमच्याकडे पुन्हा पुन्हा येतोय. पारोळ्याकडचं एक गिऱ्हाईक आहे, त्यांनी शहरातल्या फ्लॅटमध्ये असेच टोचणारे स्पीकर वैतागून गावच्या धाब्याच्या घरात नेऊन ठेवले. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या-पाट्या आणि त्यावर माती, खाली सारवलेली जमीन आणि कोपऱ्यात गोधड्यांची चळत. तेच स्पीकर, तोच अँप. मी गेलो होतो ऐकायला, सनई अगदी लोण्यासारखी. त्यांनी नंतर ते स्पीकर शहरात परत आणलेच नाहीत.

तुमच्यासाठी फुकटचा प्रयोग सांगतो. घरातल्या आहेत तेवढ्या गाद्या, गोधड्या, वाकळी एक संध्याकाळ हॉलमध्ये आणा. घरचे बोलतील, बोलू द्या. तुमच्या नेहमीच्या जागी बसा आणि कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, ज्या ठिकाणी आरशात स्पीकरचा ट्विटर दिसतो तिथून आवाज आपटून तुमच्याकडे येतो. दोन्ही बाजूला त्या जागी गादी उभी करा. स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जमिनीवर जाड सतरंजी किंवा दुहेरी केलेली गोधडी टाका, टीपॉय बाहेर काढा, डोक्यामागे भिंत असेल तर तिथेही एक गादी. आता तेच गाणं, त्याच व्हॉल्यूमला लावा. निम्मं टोचणं गेलं तर तुमचा गुन्हेगार सापडला आणि तो अँपच्या दुकानात मिळत नाही.

मग कायमचं काय करायचं. पातळ पडद्याने भागत नाही, तो फक्त अगदी वरचा ट्रेबल खातो आणि मधला कर्कशपणा तसाच ठेवतो, त्यामुळे आवाज बंद-बंद पण होतो आणि टोचतो पण. जाडी पाहिजे. १० सेंटिमीटर म्हणजे चार इंच जाडीचा थर साधारण ८५० हर्ट्झच्या वर नीट काम करतो, आणि भिंतीपासून थोडी जागा सोडून टांगला तर त्याच्याही खाली. आपण कापसाच्या मुलखात राहतो, पिंजाऱ्याकडून दोन बाय चार फुटाच्या चार इंची गाद्या भरून घ्या, फार दाबून नको, लाकडी फ्रेम करा, वरून मांजरपाट किंवा खादी ताणून लावा. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकून बघायचं, हवा आरपार गेली पाहिजे, रेक्झिन लावलं तर सगळं वाया. पावसाळ्यात कापूस ओल धरतो, तेव्हा अधूनमधून ऊन दाखवा. ज्यांना हे नको त्यांनी रॉकवूलचे स्लॅब मागवा, काम तेच करतात, फक्त ते उघडे ठेवू नका, त्याचे तंतू टोचतात.

स्पीकर कुठे आणि कसे ठेवलेत त्याचं पण आहे. ट्विटरचा आवाज जसजशी फ्रिक्वेन्सी वर जाते तसा टॉर्चसारखा समोरच फेकला जातो, एक इंची डोम १० किलोहर्ट्झच्या वर चांगलाच अरुंद होतो. म्हणजे स्पीकरचं तोंड सरळ तुमच्या कानावर रोखलेलं असेल तर तुम्ही सगळ्यात जास्त ट्रेबल ऐकताय. दोन्ही स्पीकर सरळ करा, म्हणजे त्यांच्या रेषा तुमच्या खांद्याच्या बाहेरून जातील असे. एका मिनिटाचं काम आहे आणि कधीकधी एवढ्यानेच माणूस खूश होतो. मागच्या भिंतीपासूनचं अंतर बघा, ७० सेंटिमीटर पुढे असतील तर भिंतीवरून परत आलेली लाट साधारण १२० हर्ट्झला मूळ आवाज खाते आणि पुन्हा तोच प्रकार, खालचा भाग कमी म्हणून वरचा जास्त. थोडे मागे सरकवून बास भरतो का बघा. तुमच्या ट्विटरचा डोम ॲल्युमिनियमचा आहे म्हणून त्याला नावं ठेवू नका, चांगल्या धातूच्या डोमचा स्वतःचा खणखणाट २० किलोहर्ट्झच्या वर असतो, तो आपल्या कानाच्या बाहेरचा विषय आहे. टोचतं ते किती मोठं वाजतंय त्याने, कशाचं बनलंय त्याने नाही.

एवढं झाल्यावर मग नेमकं काय टोचतंय ते शोधा, कारण सगळ्याला "ब्राइट" म्हटलं की उपाय चुकतो. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर चांगला इक्वलायझर असतो, त्यात आधी ३ किलोहर्ट्झला ३ डीबी कमी करा. आराम पडला तर दुखणं कर्कशपणाचं आहे, माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झला सगळ्यात तिखट असतो आणि सनई तिथेच भरपूर असते. फरक नाही पडला तर ते परत जागेवर आणा आणि ६ ते ८ किलोहर्ट्झला कमी करा, "स" "श" बसले तर ते फुसफुसणं. अँपवरचं ट्रेबलचं बटण बहुतेक १० किलोहर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त काम करतं, त्यामुळे फुसफुसण्याला थोडा उपयोग होतो, ३ किलोहर्ट्झच्या कर्कशपणाला फारसा नाही. आणि एखादं-दुसरं गाणंच टोचत असेल तर ते गाणंच तसं बनवलेलं आहे. जुन्या गाण्यांचे काही रिमास्टर इतके वर चढवून ठेवलेत की कुठल्याही स्पीकरवर तेच होणार.

आता अँप. इथपर्यंत वाचलं असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल की मी अँपला शेवटी ठेवलंय, पण काही गोष्टी खरंच अँपच्या असतात.

पहिली ताकदीची. तुमचा स्पीकर ८८ डीबीचा आहे, नऊ-दहा फुटावर बसून नेहमीच्या आवाजात ऐकताना सरासरी एक वॅट पण लागत नाही. पण गाणं सरासरीवर चालत नाही, ढोलकीची चाट, टाळ, एकदम उठलेली तान सरासरीच्या १० ते १५ डीबी वर जाते, म्हणजे १० ते ३२ पट ताकद एका क्षणाला. तिथे अँप कमी पडला की लाटेचं डोकं कापलं जातं, आणि कापलेल्या लाटेतून वरचे हार्मोनिक तयार होतात जे मूळ गाण्यात नव्हतेच. कानाला ते थेट डिस्टॉर्शन म्हणून कळत नाही, ते "ब्राइट" म्हणून कळतं. ट्विटर जळतात ते पण बऱ्याचदा याच भानगडीत, छोटा अँप जिवापाड ताणून.

आणि आता उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो, खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर घर्रर्र करत असतो. त्याच्यावर मात करून ऐकायचं म्हणून तुम्ही व्हॉल्यूम ६ डीबी वाढवता, म्हणजे ताकद चौपट मागता. त्याच वेळी संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर चालू, व्होल्टेज २३० वरून १८० वर. साध्या ट्रान्सफॉर्मरचा अँप असेल तर आतला सप्लाय पण त्याच प्रमाणात खाली येतो, आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे ६० वॅटचा अँप ३७ वॅटचा राहतो. मागणी चौपट आणि पुरवठा साठ टक्के. मग लोक मे महिन्यात माझ्याकडे येतात आणि म्हणतात स्पीकर अचानक टोचायला लागला! त्यांना मी एवढंच सांगतो की कूलर बंद करून रात्री अकराला ऐका आणि उद्या सांगा. गावाकडे व्होल्टेज कायमच खाली असेल तर आधी स्टॅबिलायझर. एसएमपीएसवाल्या (मोबाईलच्या चार्जरसारखा इलेक्ट्रॉनिक सप्लाय असलेल्या) अँपला याचा त्रास जवळपास नसतो, आतला सप्लाय तो स्वतःच धरून ठेवतो.

तुमचा रिसिव्हर कमी पडतोय का हे अंदाजाने ठरवू नका, दोनशे-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने कळतं. तुम्ही जास्तीत जास्त जेवढ्या जोरात ऐकता तेवढा व्हॉल्यूम लावा आणि बटणाला आता हात लावू नका. रिसिव्हर बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी मागून काढा. इक्वलायझर, टोन सगळं बंद. मग ज्या मोबाईलवरून किंवा कॉम्प्युटरवरून गाणी लावता त्याच्यावरूनच १२० हर्ट्झचा, उणे १२ डीबीचा टेस्ट टोन लावा, नेटवर फुकट मिळतो, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना चिकटू देऊ नका. जो आकडा येईल त्याला चारने गुणा. समजा साडेतीन व्होल्ट आले, गुणिले चार झाले १४. १४ चा वर्ग १९६, भागिले तुमचे ६ ओहम, साधारण ३३ वॅट. म्हणजे गाण्यातलं सगळ्यात मोठं शिखर न कापता वाजवायला तुम्हाला दर चॅनेल ३३ वॅट लागतात, त्यावर थोडी मोकळीक धरून ६ ओहमला खरे ५० वॅट देणारा अँप पुष्कळ झाला. आकडा एक-दीड व्होल्टच आला तर ताकदीचा प्रश्नच नाही, शोध दुसरीकडे घ्या. एक मात्र, ट्यूब अँपवर हा प्रयोग करायचा नाही, स्पीकर न जोडता ट्यूब अँप वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

"खरे वॅट" म्हटलं कारण डब्यावर काहीही लिहिलेलं असतं. २४ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा छोटा अँप ८ ओहमला गणितानेच ३६ वॅटच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्याही अलीकडे थांबतो, मग त्याच्यावर शंभर लिहा नाहीतर हजार. आणि पीएमपीओ (वॅटचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं दिसलं की तो आकडा वाचूच नका.

दुसरी गोष्ट ट्यूबची, कारण तुम्हाला कोणीतरी ते डोक्यात भरवलंय. ट्यूब अँप गोड लागतो यात खोटं नाही, पण प्रत्येक स्पीकरवर नाही. ट्रान्झिस्टर अँपचा आउटपुट इम्पीडन्स अगदी नगण्य असतो, ट्यूबचा, विशेषतः फीडबॅक (आउटपुट परत तपासून चूक सुधारायची सोय) नसलेल्या सिंगल एंडेड जातीच्या अँपचा, दोन-तीन ओहम असू शकतो. स्पीकरवर ६ ओहम लिहिलेलं असलं तरी तो कुठल्या फ्रिक्वेन्सीला ४ असतो, कुठे २०. अँपचा स्वतःचा २ ओहम धरला तर स्पीकर जिथे ४ ओहमचा आहे तिथे साडेतीन डीबी कमी होतात आणि जिथे २० ओहमचा आहे तिथे एक डीबी पण नाही. म्हणजे पावणेतीन डीबीचा चढउतार अँपने आपल्या मनाने घातला. चांगल्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये हाच फरक दीड-दशांश डीबी पण नसतो. आता गंमत बघा, टू-वे स्पीकरमध्ये वूफर आणि ट्विटर जिथे जोडलेले असतात त्याच्या आसपास, दीड-दोन किलोहर्ट्झकडे, बऱ्याचदा इम्पीडन्सचा उंचवटा असतो. अशा स्पीकरवर ट्यूब लावला तर जिथे कानाचा तिखटपणा सुरू होतो नेमका तिथेच तो आवाज वाढवतो. ट्रेबलकडे इम्पीडन्स खाली जाणारा स्पीकर असेल तर उलट, आवाज मऊ होतो. म्हणून स्पीकरचा इम्पीडन्स ग्राफ न बघता ट्यूब अँप घेणं म्हणजे जुगार. तुम्हाला असा मऊपणा हवाच असेल तर त्याला पन्नास हजार लागत नाहीत, त्याचं पुढे सांगतो. शिवाय इएल ३४ या ट्यूबचा धड पुश-पुल अँप दीड-दोनशे वॅट नुसता बसल्या बसल्या खातो आणि त्याची सगळी उष्णता तुमच्या हॉलमध्ये, आपल्या उन्हाळ्यात! आणि बाजारात ते छोटे अँप येतात ना, समोर दोन ट्यूब चमकणाऱ्या, त्यातल्या बऱ्याच जणांत ताकदीचं काम आतली क्लास डी (कमी वीज खाणारी स्विचिंगची) चिपच करते, ट्यूब नुसती वाटेत बसवलेली असते आणि तिच्या बुडाला केशरी एलईडी असतो.

तिसरी गोष्ट याच स्वस्त क्लास डी अँपची. टीपीए ३११६ सारख्या चिपच्या बोर्डात आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो आणि तो फीडबॅकच्या बाहेर असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स वर गेला की त्या फिल्टरमुळे वरचा ट्रेबल चढतो, २० किलोहर्ट्झकडे एक-दोन डीबी, कधी त्याहून जास्त. तरुण कानाला ते जाणवतं, माझ्या वयाच्या कानाला नाही. आधीच चमकणाऱ्या स्पीकरला असा अँप लावू नका. नवीन काही मॉडेलमध्ये फिल्टरच्या नंतरून फीडबॅक घेतात, त्याला पीएफएफबी म्हणतात, ते असेल तर हा दोष जातो आणि मग त्या अँपला नाव ठेवायला जागा नाही.

आता तो मऊपणाचा स्वस्त उपाय. स्पीकरच्या मागे बघा, टर्मिनलच्या दोन जोड्या असतील आणि मध्ये पितळी पट्ट्या असतील तर तुमचं नशीब चांगलं. पट्ट्या काढा, वायर खालच्या म्हणजे वूफरच्या जोडीला लावा, तिथून काळ्याकडून काळ्याला साधी वायर आणि लालकडून वरच्या लालला १ ओहम १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर. वरचा भाग साधारण ८ ओहमचा धरला तर एक डीबी कमी होतो, १ ऐवजी २.२ ओहम लावला तर दोन डीबी. वॉरंटी जात नाही, नाही आवडलं तर काढून पट्ट्या परत लावा. रेझिस्टर जळगावच्या गोलाणी मार्केटला किरकोळीत मिळतो. एकच जोडी असेल तर स्पीकर उघडून क्रॉसओव्हरमध्ये (आवाज वूफर आणि ट्विटरला वाटून देणारं सर्किट) करावं लागेल, ते वॉरंटी संपल्यावर आणि माहितगार माणसाकडूनच.

एवढं सगळं करून अँप घ्यायचाच ठरला तर मी नाव न बघता बटणं बघतो. बास-ट्रेबल पाहिजेच. "प्युअर" म्हणून टोन कंट्रोल नसलेले अँप येतात, टोचणाऱ्या स्पीकरवाल्याने ते का घ्यावेत मला आजपर्यंत कळलं नाही. ४ ओहमचे वॅट वेगळे लिहिलेले असावेत, आणि ८ ओहमपेक्षा बऱ्यापैकी जास्त असावेत, तुमच्या ६ ओहमच्या स्पीकरला ते लागेल. यामाहाच्या ए-एस ३०१ मध्ये ८ ओहमला ६० वॅट आणि सोबत फिरवायचं लाउडनेसचं बटण आहे, ते वापरायची पद्धत उलटी आहे, आधी बटण फ्लॅटवर ठेवून व्हॉल्यूम जास्तीत जास्त हवा तेवढा करायचा आणि मग आवाज लाउडनेसनेच कमी करत जायचं, त्यात मधला भाग दबतो आणि रात्री हळू आवाजात टोचणं बरंच जातं. ज्या कंपनीला लोक ब्राइट म्हणतात तिचाच अँप मी ब्राइट स्पीकरला सांगतोय, हो, बटणासाठी सांगतोय. एनएडीच्या बऱ्याच अँपमध्ये सॉफ्ट क्लिपिंग असतं, ताकद संपताना लाट एकदम न कापता गोल करतात, कूलरवर मात करून ऐकणाऱ्याला ते उपयोगी. जुना घेत असाल तर घेऊन लगेच वाजवू नका, वीस-तीस वर्षांपूर्वीच्या अँपचे फिल्टर कपॅसिटर आपल्या उन्हात वाळलेले असतात, ते बदलायचा खर्च किमतीत धरा. आणि कुठलाही घ्या, शक्य असेल तर दोन दिवस घरी आणून, तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या रिसिव्हरसोबत मीटरने व्होल्ट सारखे करून ऐका आणि मगच पैसे द्या.

क्रम असा ठेवा भाऊ: रिसिव्हरचा मेनू आणि वायरची बाजू आजच, स्पीकरचं तोंड आणि गाद्यांचा प्रयोग या रविवारी, त्यानंतर इक्वलायझर आणि मल्टिमीटर. मग मला तीन गोष्टी कळवा: टेस्ट टोनचं रीडिंग किती आलं, ३ किलोहर्ट्झ कमी केल्याने बरं वाटलं की ७ ने, आणि स्पीकरच्या मागे टर्मिनलची एक जोडी आहे की दोन. रिसिव्हरचं मॉडेल पण लिहा, त्याचा सर्व्हिस मॅन्युअल मिळाला तर ताकदीचं बघून सांगतो की बदलायची गरज आहे की नुसते आतले कपॅसिटर बदलून भागेल.